अपवादाने नियम सिद्ध होतो म्हणे! तो कसा काय?

मुद्देसूद (धागाकर्ता)

वादात आपली बाजू लंगडी पडायला लागली की बाहेर काढायची काही ठेवणीतली वाक्यं असतात. त्यातलं एक इंग्रजी वाक्य म्हणजे "द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल". मराठीतही आपण "अपवादाने नियम सिद्ध होतो" असं सर्रास म्हणतो. कुणीतरी ठोकून देतं की डावखुरी माणसं सगळी कलावंत असतात. तुम्ही म्हणता, माझा भाऊ डावखुरा आहे आणि त्याला धड सरळ रेघ मारता येत नाही. समोरचा जराही न डगमगता उत्तर देतो, "हो ना, अपवादानेच तर नियम सिद्ध होतो!"

म्हणजे उदाहरण जुळलं तर नियम खरा, आणि नाही जुळलं तर आणखीनच खरा. असा नियम खोटा ठरवायचा तरी कसा? असल्या सोयीच्या वाक्याचा उगम शोधायचाच असं ठरवून थोडं वाचन केलं. निघालं ते असं की मूळ वाक्य अगदी शहाण्यासारखं आहे. वेडेपणा नंतर आला.

इ.स.पू. ५६. रोममध्ये बाल्बस नावाच्या माणसावर खटला उभा राहिला. हा गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कादिझचा. रोमन सेनापती पाँपीने त्याला रोमचं नागरिकत्व दिलं होतं आणि ते बेकायदा आहे असा आरोप होता. फिर्यादी पक्षाने दाखला दिला की रोमने काही जमातींशी केलेल्या तहांमध्ये "यांच्यापैकी कुणालाही आमचा नागरिक करून घेतलं जाणार नाही" असं कलम आहे. बाल्बसच्या बाजूने रोमचा नामवंत वक्ता सिसेरो बोलायला उभा राहिला आणि त्याने हाच दाखला उलटा फिरवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तहात अपवाद नमूद केल्यामुळे मनाई होत असेल, तर जिथे अपवाद नमूद केलेला नाही तिथे मुभा असलीच पाहिजे. गादेसच्या तहात असं कलम नव्हतं. बाल्बस सुटला. (पुढे इ.स.पू. ४० मध्ये तो कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च पदाधिकारी झाला, परक्या भूमीवर जन्मलेला पहिलाच.)

याच विचाराचं पुढे कायद्याचं लॅटिन वचन झालं: "एक्सेप्टिओ प्रोबाट रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्टिस". अपवाद केला म्हणजे, ज्या बाबतीत अपवाद केलेला नाही तिथे नियम आहे हे सिद्ध होतं. आता पाहा, "ज्या बाबतीत अपवाद केलेला नाही" हे शेपूट किती महत्त्वाचं आहे. इंग्रजीत येऊन वाक्य रुळलं आणि नेमकं शेपूटच गळून पडलं.

रोजच्या व्यवहारातलं उदाहरण घ्या. पाटीवर लिहिलंय, "रविवारी वाहनतळ मोफत". इतर दिवसांबद्दल पाटी चकार शब्द काढत नाही. तरी आपल्याला कळतं की सोमवार ते शनिवार पैसे पडतात. नियम कुठेही लिहिलेला नाही, फक्त अपवाद लिहिलाय, आणि त्या अपवादावरून नियम सिद्ध होतो. या अर्थाने वाक्य शंभर टक्के बरोबर आहे.

घोळ "अपवाद" या शब्दात आहे. रविवारची सूट हा नियम करणाऱ्याने स्वतः जाहीर केलेला अपवाद. माझ्या भावाचं डावखुरेपण हा कुणी जाहीर केलेला अपवाद नाही. ते सरळ सरळ विरोधी उदाहरण आहे. पहिल्याने नियम सिद्ध होतो, दुसऱ्याने मोडतो. दोन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे हा सगळा खेळ चालतो, असं माझं मत.

तुमच्याकडे या वाक्याचे आणखी वापर असतील तर टाका. विशेषतः बरोबर वापर. चुकीचे पुष्कळ गोळा झालेत.

---

टिवल्याबावल्या

अहो मुद्देसूद, इतक्या लांब रोमला जायची गरजच नव्हती! इथे "प्रूव्ह" म्हणजे सिद्ध करणं नाहीच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ "पारखून बघणं". लॅटिन "प्रोबारे"चाही तोच. छपाईआधीची चाचणी प्रत ती "प्रूफ". शस्त्रांची चाचणी होते ते "प्रूव्हिंग ग्राउंड". "द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग" ही म्हणही त्यातलीच. तेव्हा वाक्याचा अर्थ एवढाच, की अपवाद नियमाची परीक्षा घेतो. परीक्षेत टिकला तर नियम खरा, नाही तर कचऱ्यात. कोडं सुटलं, धागा संपला, चला घरी.

आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. अँब्रोज बियर्सच्या "द डेव्हिल्स डिक्शनरी"त (१९११) "एक्सेप्शन" या शब्दाखाली हेच दिलंय. अडाणी लोक एकमेकांचं ऐकून हे वाक्य पोपटासारखं म्हणतात, असं त्याने झोडपलंय.

---

निवांत

टिवल्याबावल्यांशी सहमत. मीही हेच ऐकत आलोय. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमननेही १९६३ च्या व्याख्यानांत असंच म्हटलंय ना, की अपवाद नियमाला पारखतो, आणि निरीक्षणाने अपवाद पक्का ठरला तर नियम चूक?

---

मुद्देसूद

फाइनमनने विज्ञानाची रीत सांगितली आणि ती बिनचूक सांगितली. वाक्याचा इतिहास सांगायचा त्याचा उद्देश नव्हता, त्यामुळे त्याच्याशी भांडण नाही. बियर्सशी आहे. हा खुलासा ऐकायला फार छान वाटतो आणि म्हणूनच इतका पसरलाय. पण कागदपत्रं काय म्हणतात?

सतराव्या शतकात हे वचन इंग्रजी लेखनात दिसायला लागलं तेव्हा त्याची लॅटिन रूपं एकापेक्षा जास्त होती. एकात "प्रोबाट"च्या जागी "फिगिट" आहे, म्हणजे पक्कं करतो, रोवतो. दुसऱ्यात "फिर्माट", म्हणजे बळकट करतो. पारखणं या अर्थाशी या दोन्ही क्रियापदांचा काडीचाही संबंध नाही. इंग्रज तत्त्वज्ञ बेकनच्या ग्रंथाचं १६४० मध्ये इंग्रजी भाषांतर आलं, त्यात तर सरळ म्हटलंय की अपवादामुळे, अपवाद न केलेल्या बाबतीत कायद्याचं बळ वाढतं. परीक्षा वगैरे काही नाही.

शेजारच्या भाषा बघा. फ्रेंचमध्ये "लेक्सेप्सियों काँफिर्म ला रेग्ल". जर्मनमध्ये "आउसनामेन बेश्टेटिगन डी रेगेल". दोन्हीकडे क्रियापद "दुजोरा देणं" या अर्थाचं. इंग्रजी "प्रूव्ह"ला दोन अर्थ आहेत म्हणून तिथे ही पळवाट निघाली. फ्रेंच-जर्मन माणसाला ती उपलब्धच नाही.

---

टिवल्याबावल्या

फ्रेंच-जर्मनचा मुद्दा खरंच बिनतोड आहे. बियर्सचं पुस्तक मात्र मी टाकणार नाही, विनोदासाठी ठेवतो.

---

काळा_कोट

उशिरा पोचलो. धागा आमच्या गल्लीतला आहे म्हणून दोन शब्द.

कायद्याच्या मसुद्यात "परंतु" ने सुरू होणारं वाक्य असतं, त्याला आम्ही परंतुक म्हणतो. मूळ कलम जे सांगतं त्यातून थोडा भाग बाजूला काढणं हे परंतुकाचं काम. आणि जो भाग बाजूला काढावा लागला, तो मुळात कलमात येत होता हेही त्यावरूनच कळतं. नाही तर काढायचा कशाला? मुद्देसूद यांच्या वाहनतळाचं तत्त्व हेच. याच कुळातलं दुसरं वचन आहे, "एक्सप्रेसिओ उनिउस एस्ट एक्स्क्लुसिओ आल्टेरिउस": एकाचा उल्लेख म्हणजे दुसऱ्याला वगळणं.

पण लोक समजतात तितकं हे यांत्रिक नाही. मसुदा लिहिणारे कधी कधी निव्वळ जास्तीच्या सावधगिरीपोटी अपवाद लिहितात. "या नियमाचा अमुक गोष्टीवर परिणाम होणार नाही" असं वाक्य टाकतात, आणि ती गोष्ट मुळात नियमात बसतच नसते. तिथे अपवादावरून नियमाची व्याप्ती ठरवायला गेलात तर फसाल. न्यायालयं म्हणूनच ही वचनं सेवक म्हणून ठेवतात, मालक म्हणून नाही.

या अनुमानाची भीती किती खरी आहे याचा सगळ्यात झकास पुरावा अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. नागरिकांच्या हक्कांची यादी घटनेत घालायची की नाही यावर तिथे मोठा वाद झाला. विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा असा: आपण दहा हक्क लिहिले तर उद्या कुणी म्हणेल, अकरावा लिहिलेला नाही म्हणजे तो तुम्हाला नाही! यावर तोडगा म्हणून १७९१ मध्ये नववी दुरुस्ती आली. ती सांगते, की काही हक्क इथे मोजून दाखवले याचा अर्थ लोकांकडे असलेले बाकीचे हक्क नाकारले असा लावायचा नाही. थोडक्यात, "आमच्या यादीवरून उलटं अनुमान काढू नका" असं अनुमानालाच बजावणारं कलम.

मुद्देसूद यांनी दिलेलं बेकनचं वाक्य पुढे वाचलंत तर गंमत वाटेल. अपवादाने न वगळलेल्या बाबतीत कायद्याचं बळ वाढतं, तसं यादी केल्याने यादीत नसलेल्या बाबतीत ते घटतं, असा त्याचा उत्तरार्ध आहे. अमेरिकन पुढाऱ्यांना पडलेला पेच त्यात दीडशे वर्षं आधी मांडून ठेवलाय.

---

शंकासुर

"प्रत्येक नियमाला अपवाद असतो" हाही नियमच ना? मग त्यालाही अपवाद हवा. म्हणजे एखादा नियम बिनअपवादी हवा. म्हणजे प्रत्येक नियमाला अपवाद नसतो. म्हणजे...

जेवून येतो.

---

चष्मिस

शंकासुर, जेवण होईपर्यंत उत्तर देऊन ठेवते. तुमच्या साखळीतून विरोधाभास निघत नाही, एवढंच निघतं की ते वाक्य खोटं आहे. खोटं वाक्य असण्यात काही अडचण नसते, जगात पुष्कळ आहेत.

---

खगोलवेडी

मुद्देसूद म्हणतात विरोधी उदाहरणाने नियम मोडतो. नेहमीच नाही! आमच्या खगोलशास्त्रात याची दोन जुळी उदाहरणं आहेत, आणि दोन्हींमध्ये माणूस एकच आहे. म्हणून सविस्तर सांगते.

युरेनस १७८१ मध्ये हर्शेलला सापडला. पुढच्या काही दशकांत लक्षात आलं की न्यूटनच्या गणिताने तो जिथे असायला हवा तिथे तो नसतोय, थोडा भरकटतोय. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नियमाला अपवाद. पॅरिसमध्ये ल व्हेरिए आणि इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स, दोघांनी स्वतंत्रपणे उलटा विचार केला: नियम बरोबर आहे असं धरू, मग पलीकडे कुठे आणि केवढा अज्ञात ग्रह असेल तर युरेनस असा भरकटेल? ल व्हेरिएने आपलं उत्तर बर्लिनला कळवलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री गालेने दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. अपवाद वाटत होता तो न्यूटनचा सगळ्यात मोठा विजय ठरला. इथे "अपवादाने नियम सिद्ध झाला" म्हणायला काय हरकत आहे?

आता दुसरा जुळा. बुधाच्या कक्षेचा सूर्याला सगळ्यात जवळ असणारा बिंदू हळूहळू सरकतो. इतर ग्रहांची ओढ हिशेबात धरूनही थोडं सरकणं शिल्लक उरतं, आजच्या आकड्याने शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). त्याच ल व्हेरिएने १८५९ मध्ये तीच युक्ती लावली: बुधाच्या आत आणखी एक ग्रह असला पाहिजे. त्याला "व्हल्कन" असं नावही ठेवलं गेलं. लोकांनी वर्षानुवर्षं शोधला. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या सामान्य सापेक्षतेने तो फरक बरोबर काढून दाखवला. या वेळी अपवादाने नियमाची हद्दच दाखवली.

दोन्ही वेळा सुरुवातीला चित्र अगदी सारखं होतं. कुठल्या अपवादाने नियम पक्का होणार आणि कुठल्याने ढासळणार, हे आधी बघून सांगता येत नव्हतं. नेपच्यून दिसला म्हणून नियम वाचला. व्हल्कन दिसला नाही म्हणून नाही वाचला. तुमच्या डावखुऱ्या भावाच्या बाबतीत समोरचा नेपच्यून दाखवायची तसदीच घेत नाही, माझा आक्षेप तिथे आहे.

---

मुद्देसूद

खगोलवेडी, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा सरस आहे. फाउलरने १९२६ च्या "अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज" या कोशात या वाक्याचे वेगवेगळे वापर सोडवून दाखवलेत, त्यातल्या एकाला तो शास्त्रीय अर्थ म्हणतो. तो नेमका तुमचा नेपच्यूनवाला.

त्याचं उदाहरण मजेशीर आहे. जोन्स नावाचा एक समीक्षक कधीच कुणाचं कौतुक करत नाही. त्यावरून आपण ठरवतो की या माणसाला दाद देताच येत नाही. एके दिवशी एका निनावी कादंबरीवर तो स्तुतीचा वर्षाव करतो. आपला नियम कोसळला! पुढे उघड होतं की निनावी कादंबरीकार खुद्द जोन्सच. आता आपली खात्री आधीपेक्षा वाढते. फक्त नियमात एक दुरुस्ती होते: त्याला दुसऱ्याला दाद देता येत नाही.

आणि कायदेशीर अर्थासाठी त्याने दिलेलं उदाहरण: सैनिकांना आज रात्री अकरापर्यंत बराकीबाहेर राहायची खास परवानगी. यावरूनच कळतं की एरवी लवकर परतायचा हुकूम आहे. बाकीच्या वापरांपैकी एकाला तो थट्टेतला बाष्कळपणा म्हणतो आणि एकाला गंभीरपणे केलेला बाष्कळपणा. माझा वाद घालणारा माणूस शेवटच्या खान्यात.

---

चष्मिस

नेपच्यूनचा भाषाशास्त्रातला भाऊ माझ्याकडे आहे. आणि त्यात संस्कृतने चावी पुरवलीय, तेव्हा इथे सांगायलाच हवा.

जर्मन भाषाभ्यासक ग्रिमने १८२२ मध्ये एक नियम नीट मांडला: संस्कृत आणि बहुतेक युरोपीय भाषा ज्या मूळ भाषेतून निघाल्या तिच्यातले प, त, क हे जर्मानिक भाषांमध्ये (इंग्रजी, जर्मन वगैरेंच्या कुळात) फ, थ, ह होतात. संस्कृतात "पितृ", तर इंग्रजीत "फादर". "भ्रातृ"मधल्या त चा गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत रीतसर थ झाला, "ब्रोथार". मग "पितृ"मधल्या त चाही थ व्हायला हवा. पण गॉथिकमध्ये शब्द आहे "फादार", थ नाही, द! (आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे सारखा उच्चार ऐकू येतो, तो नंतरचा बदल. जुन्या इंग्रजीत हा फरक स्पष्ट होता.) असे अपवाद ढिगाने होते आणि पन्नासेक वर्षं लोक खांदे उडवून पुढे जात होते.

१८७५ च्या सुमारास कार्ल व्हेर्नर या डेन्मार्कच्या भाषाभ्यासकाने वेदातले स्वर, म्हणजे उच्चारातले आघात, तपासले. "भ्रातर्"मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, "पितर्"मध्ये शेवटच्या. व्यंजनाच्या लगेच आधीच्या अक्षरावर आघात असेल तर थ टिकतो, नसेल तर त्याचा द होतो. सगळे अपवाद रांगेत येऊन उभे राहिले. जर्मानिक भाषांनी तो आघात केव्हाच गमावला होता, खूण राहिली होती वैदिक उच्चारात.

या शोधानंतरच काही तरुण भाषाशास्त्रज्ञ छातीठोकपणे म्हणायला लागले की ध्वनिनियमांना अपवाद नसतातच. जो अपवाद दिसतो तो आपल्याला अजून न सापडलेला नियम असतो. हे जरा जास्तच झालं असं मला वाटतं, पण त्या उत्साहाने कामं भरपूर झाली.

---

पाणिनीचा_शेजारी

संस्कृतचा विषय निघालाच आहे तर माझी हजेरी लावून घ्या.

आपल्या व्याकरणात सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात आणि विशेष नियमाला अपवाद. "इको यणचि": इ च्या पुढे स्वर आला की इ चा य होतो. यदि + अपि = यद्यपि. हा उत्सर्ग. "अकः सवर्णे दीर्घः": पण पुढे सजातीय स्वर आला तर दोन्ही मिळून दीर्घ. रवि + इंद्र = रवींद्र. हा अपवाद. आता "रवींद्र"मुळे "यद्यपि"चा नियम खोटा पडला असं कुणी म्हणत नाही, आणि त्याने तो सिद्ध झाला असंही नाही. वैयाकरणांची परिभाषा आहे: "प्रकल्प्य चापवादविषयं तत उत्सर्गोऽभिनिविशते". आधी अपवादाचं क्षेत्र बाजूला काढा, मग उरलेल्या जागेत उत्सर्ग शिरतो. मुद्देसूद म्हणतात ते गळून पडलेलं शेपूट आपल्याकडे वाक्याच्या तोंडाशीच बसवलेलं आहे.

आणि सिसेरोचा युक्तिवाद हवा असेल तर पतंजलीकडे जा, तो सिसेरोच्या आधीचा. त्याच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथाच्या पहिल्याच आह्निकात (प्रकरणात) वाक्य आहे, "पञ्च पञ्चनखा भक्ष्याः": पाच नखं असलेल्या प्राण्यांपैकी पाच खाण्याजोगे. पतंजली म्हणतो, एवढं सांगितलं की इतर खाण्याजोगे नाहीत हे कळतंच. मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, याला परिसंख्या असं नाव दिलं. रामायणातला वालीही मरताना रामाला हेच वचन ऐकवतो: साळिंदर, घोरपड, ससा, कासव वगैरे पाचांत माकड बसत नाही, मग मला मारलंस कशाला?

---

काळा_कोट

वालीचा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने चोख आहे. फक्त एक फरक नोंदवतो. सिसेरोकडे मनाईची यादी होती, त्यावरून त्याने बाकीच्यांना मुभा काढली. पतंजलीकडे मुभेची यादी आहे, त्यावरून तो बाकीच्यांना मनाई काढतो. आरशातली प्रतिमा. वकिलाला दोन्ही यायला हवेत, कारण अशील कुठल्या बाजूचं येईल ते आधी कळत नाही.

---

निवांत

आणखी एक वापर राहिला. मी तो बरोबर मानतो, तुम्ही कदाचित मानणार नाही. एखादी गोष्ट अपवाद म्हणून डोळ्यांत भरते, हाच नियम किती घट्ट आहे याचा पुरावा असतो.

मारी क्युरी घ्या. कुणी म्हणालं, त्या काळी स्त्रियांना विज्ञानाची दारं बंद होती, तर दुसरा लगेच म्हणतो, मग क्युरी कशी झाली? आता तिच्याशी विज्ञानसंस्था कशा वागल्या ते बघा. १९०३ चं नोबेल तिच्याकडे होतं. तरीही १९११ च्या जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीने तिला डावलून ब्रान्लीला निवडलं. त्याच वर्षाच्या शेवटी तिला दुसरं नोबेल मिळालं. अकादमीत पूर्ण सदस्य म्हणून पहिली स्त्री निवडली गेली ती १९७९ मध्ये. दोन नोबेलं असूनही जिथे दार उघडलं नाही, तिथे दार होतं हे तिच्यामुळेच दिसतं. अपवादाने नियम सिद्ध झाला की नाही?

---

चष्मिस

निवांत, युक्तिवाद आवडला, पण यात सिद्ध करण्याचं काम क्युरीचं "अपवाद असणं" करत नाहीये. ते काम अकादमीचा नकार करतोय. नकाराचा तपशील काढून टाकला आणि फक्त "एक स्त्री यशस्वी झाली" एवढं उरलं, तर त्यावरून दार बंद होतं की उघडं हे काहीच कळणार नाही.

---

निवांत

नकार काढून टाकला तरी एक उरतं: लोकांना उदाहरण म्हणून तिचंच नाव सुचतं. पुन्हा पुन्हा तिचंच. दार उघडं असतं तर दहा नावं सुचली असती.

---

खगोलवेडी

निवांत यांच्या बाजूने मत. पण याला सिद्धता म्हणण्यापेक्षा खूण म्हणा.

---

मुद्देसूद

मीही खूणच म्हणेन. आणि खूण फसवू शकते. सगळे हंस पांढरे, असं युरोपात शतकानुशतकं मानत. रोमन कवी ज्युव्हेनलने तर दुर्मीळ गोष्टीला काळ्या हंसाची उपमा दिली, कारण काळा हंस असतो हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. १६९७ मध्ये व्लामिंग नावाचा डच दर्यावर्दी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला लागला, तिथल्या नदीत काळे हंस पोहत होते. पहिला हंस बघून "हा अपवाद, म्हणजे नियम पक्का" म्हणणाऱ्याची पुढच्या वळणावर काय अवस्था झाली असती?

---

आजच_सामील

नमस्कार, मी नवीन आहे. मला एका परीक्षेत या वाक्प्रचाराचा अर्थ लिहायचा आहे आणि वाक्यात उपयोग करायचा आहे. सगळा धागा वाचला आणि आता आधीपेक्षा जास्त गोंधळलो. काय लिहू?

---

चष्मिस

वाहनतळाची पाटी लिही. "रविवारी मोफत, यावरून इतर दिवशी शुल्क आहे हे सिद्ध होतं." कुठलाही परीक्षक याला चूक म्हणू शकणार नाही. मराठीत अर्थ देताना "अपवाद केला, म्हणजे एरवी नियम आहेच" असा दे. "सिद्ध होतो" लिहिलंस तर सोबत "अपवाद सोडून इतरत्र" हे शब्द जोड. क्युरी आणि बुध परीक्षा झाल्यावर.

---

शंकासुर

जेवून आलो. पाट्यांवरूनच एक शंका. पाटीवर लिहिलंय, "कुत्र्यांना आत आणू नये". सिसेरोच्या न्यायाने, ज्यांची नावं पाटीवर नाहीत त्यांना मुभा. मग मी अस्वल आणलं तर चालेल का?

---

काळा_कोट

नाही चालणार. आणि कायद्याच्या तत्त्वज्ञानात अस्वलाचं हे उदाहरण जुनं आहे, तेव्हा श्रेय घेऊ नका.

पाटीवरून दोन उलट अनुमानं निघू शकतात. एक, "फक्त कुत्र्यांना मनाई, बाकी सगळे या". दुसरं, "कुत्रासुद्धा चालत नाही, तर अस्वल कुठून चालेल?". दोन्हींना तर्कशास्त्राचा सारखाच आधार आहे. कुठलं निवडायचं ते पाटी का लावली यावर ठरतं. इतर माणसांना त्रास आणि धोका होऊ नये म्हणून लावली असेल, तर अस्वलाला मनाई कुत्र्यापेक्षा कडक. आणि त्याच कारणाने, अंध व्यक्तीचा प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्रा पाटीवर मनाई असूनही आत येऊ शकेल. सिसेरोचं काम सोपं होतं, कारण त्याच्याकडे एकाच सरकारने एकाच विषयावर केलेले तह होते. काहींत कलम घातलं आणि काहींत नाही, म्हणजे न घालणं हे जाणूनबुजून होतं असं म्हणायला त्याला जागा होती. पाटी रंगवणाऱ्याने अस्वलाचा विचारच केलेला नसतो.

---

शंकासुर

आणि मांजर?

---

काळा_कोट

मांजराच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी तासभर बोलता येईल. आधी सांगा, मांजर तुमचं आहे की पाटी तुमची?